जुन्या कॅसेटमधल्या दूरदर्शनच्या जाहिराती घरच्या घरी रिस्टोअर कशा करायच्या

ज्यांच्या माळ्यावर, दिवाणात नाहीतर कपाटावर व्हीएचएस कॅसेटचा खोका अजून पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्या खोक्यात रामायण असेल, शारजाची मॅच असेल, मावशीचं लग्न असेल, आणि या सगळ्याच्या मधेमधे कुणीही मुद्दाम न जपलेल्या दहा, वीस, तीस सेकंदांच्या जाहिराती असतील. सिरीयल आज चांगल्या प्रिंटमध्ये मिळते, मॅचचे हायलाइट्स मिळतात, गाजलेल्या जाहिरातीही नेटवर आहेत, ललिताजी आहे, हमारा बजाज आहे, रामदास पाध्यांचा लिज्जत पापडवाला ससा आहे. पण त्याच काळात मुंबई दूरदर्शनवर लागणारी एखाद्या मसाल्याची मराठी जाहिरात, एखाद्या साडीच्या दुकानाची नुसती स्लाइड आणि मागे बाईंचा आवाज, एखाद्या दंतमंजनाच्या मोठ्या जाहिरातीची कापून केलेली छोटी आवृत्ती, हे कुठे शोधणार? असलंच तर ते अशाच कुणाच्या तरी कॅसेटमध्ये आहे आणि दर पावसाळ्यात त्यातलं थोडं थोडं जातंय. म्हणून मला हा छंद फार मोलाचा वाटतो, आणि घरबसल्या कुणालाही जमेल असा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपण जाहिरात सुधारत नाहीये. कॅसेटमुळे, व्हीसीआरमुळे, दमट हवेमुळे त्या चित्रावर जे काही चढलंय तेवढंच काढायचंय, आणि त्या संध्याकाळी टीव्हीवर जे दिसलं त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचंय. कुठला दोष कॅसेटचा आणि कुठला मूळ जाहिरातीचाच, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं, आणि ते ओळखायची एक पक्की युक्ती आहे ती पुढे सांगतो.

कुठल्या कॅसेटमध्ये काय सापडतं

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ पासून, रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. पण घरोघरी (म्हणजे ज्यांना परवडत होतं त्यांच्या घरी, किंवा ज्यांचं कुणी गल्फला होतं त्यांच्या घरी) व्हीसीआर यायला लागले ते त्याच सुमारास आणि त्यानंतर, त्यामुळे घरच्या कॅसेटमध्ये ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढचंच घबाड जास्त मिळतं. रविवार सकाळच्या सिरीयलच्या कॅसेट सगळ्यात चांगल्या, कारण रामायण जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ आणि महाभारत ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० असं चाललं, लोकांनी आठवड्यामागून आठवडा तेच रेकॉर्ड केलं आणि प्रायोजकही बऱ्याचदा तेच तेच असायचे, म्हणजे एकच जाहिरात एका कॅसेटमध्ये चार-पाच वेळा सापडू शकते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे खूप कामाला येणार आहे.

मॅचच्या कॅसेट दुसऱ्या नंबरवर, दोन ओव्हरच्या मधे जाहिराती. लग्नाच्या कॅसेटना नाक मुरडू नका. लग्न संपल्यावर उरलेल्या रिकाम्या टेपवर पुढे कुणीतरी छायागीत नाहीतर पिक्चर रेकॉर्ड केलेला असतो आणि लेबलवर मात्र नुसतं "लग्न भाग २" लिहिलेलं असतं. लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, कॅसेट शेवटपर्यंत बघायची. दुकानातून आणलेल्या पिक्चरच्या कॅसेटमध्येही सुरुवातीला जाहिराती असतात, कधीकधी तर पिक्चरच्या मधे खालच्या पट्टीवर सरकत जाणाऱ्या.

एक अडचण सगळीकडे येते ती पॉझची. टेप महाग होती म्हणून जाहिरात लागली की घरातलं कुणीतरी धावत जाऊन पॉझ दाबायचं. त्यामुळे जाहिरातीचे पहिले दोन-तीन सेकंद मिळतात आणि मग एकदम सिरीयल. आणि जिथे पॉझ सोडलाय तिथे काही क्षण चित्रावर इंद्रधनुषी रंग पसरलेले दिसतात, कारण साध्या व्हीसीआरमध्ये फिरतं इरेज हेड (जुनं पुसणारा भाग) नसायचं, जुनं रेकॉर्डिंग पूर्ण पुसलं जायच्या आतच नवं त्यावर चढायचं. हे तुकडेसुद्धा फेकू नका. दुसऱ्या कुणाच्या कॅसेटमध्ये सुरुवात कापलेली आणि शेवट असलेली तीच जाहिरात मिळाली की जोडता येते.

कॅसेट लावायच्या आधी

पहिलं काम, कॅसेटच्या लेबलच्या कडेला प्लास्टिकचा छोटा चौकोनी तुकडा असतो तो स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका. तो तुटला की त्या कॅसेटवर चुकूनही रेकॉर्ड होत नाही. घरात कुणीही कुठलंही बटण दाबलं तरी तुम्ही निर्धास्त.

मग कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून रीळ बघा. काळी, गुळगुळीत, चकचकीत दिसली तर ठीक. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी, ठिपके, जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे आणि ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालायची नाही, कारण बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) आणि रोलरला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खोक्यात निम्म्याहून जास्त कॅसेट अशा निघाल्या तरी नवल नाही. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात काही दिवस सुकू द्या म्हणजे बुरशी कोरडी पडते, मग तोंडाला चांगला मास्क लावून, गॅलरीत बसून, कॅसेटचे पाच स्क्रू काढून साफ करता येते किंवा जो हे काम करतो त्याच्याकडे देता येते. ओल्या फडक्याने टेप पुसायला जाऊ नका. आणि कॅसेट ओव्हनमध्ये तापवायचा सल्ला कुठे वाचला असेल तर तो वेगळ्या प्रकारच्या, मुख्यतः स्टुडिओतल्या टेपसाठी आहे, घरच्या व्हीएचएसला तो लावू नका.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटही लगेच प्ले करू नका. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणली असेल तर काही तास तशीच राहू द्या, ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर, दव धरलं की टेप चिकटते (जुन्या व्हीसीआरवर त्यासाठी वेगळा दिवाच असायचा). मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. अनेक वर्षं एकाच जागी दाबून राहिलेली टेप त्यामुळे मोकळी होते आणि ताण सारखा होतो. आवाज ऐकत बसा, कुठे अडखळल्यासारखं वाटलं तर लगेच थांबवा.

व्हीसीआर आणि पुढची साखळी

व्हीसीआर शोधायला मुंबईत चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, किंवा सरळ नातेवाईकांना फोन. व्हीसीपी (नुसता प्ले करणारा) मिळाला तरी चालतो, आपल्याला रेकॉर्ड करायचंच नाहीये. शक्यतो चार हेडवाला घ्या, आणि काही लोकांनी टेप वाचवायला एलपी मोडमध्ये (टेप निम्म्या वेगाने चालवून) रेकॉर्ड केलेलं असतं तेव्हा एलपी चालतो का ते बघून घ्या. तुमच्या भागात टीव्ही-व्हीसीआर रिपेअर करणारे जुने काका अजून दुकानात बसत असतील तर त्यांच्याशी ओळख करून घ्या, त्यांच्याकडे बेल्ट असतात, रोलर असतात, आणि कानाने दोष ओळखायची कला असते.

हेड साफ करताना एकच नियम. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला साधा पांढरा कागद किंवा शॅमी ड्रमवर हलकेच टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम गोल फिरवायचा. कागद वर-खाली घासायचा नाही. हेडची टोकं ड्रमच्या कडेवर केसाएवढी बाहेर असतात, वर-खाली घासलं की मोडतात. कानातल्या काड्याही नकोत, कापसाचे धागे अडकतात.

आता मुख्य मुद्दा. टेपवरून येणारं चित्र डगमगतं, प्रत्येक ओळ थोडी डावीकडे थोडी उजवीकडे, म्हणून उभ्या कडा, दाराची चौकट वगैरे थरथरताना दिसतात. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा, कॉम्प्युटर घेत नाही, फ्रेम गाळतो. त्यासाठी मधे टाइम बेस करेक्टर लागतो ज्याला सगळे टीबीसी म्हणतात. खरा टीबीसी महाग आहे, पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर, पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ हे त्यातले प्रसिद्ध, नुसते मधून सिग्नल पास केला तरी ओळी सरळ करून देतात. असा मिळाला तर सोडू नका, फक्त त्याच्या मेनूतलं नॉइज रिडक्शन बंद करा. व्हीसीआरचा पिवळा पांढरा (आणि स्टिरिओ असेल तर लाल) आउटपुट त्यात, त्यातून एस-व्हिडिओने (नुसत्या चित्राची केबल) कॅप्चर कार्डात, म्हणजे सिग्नल कॉम्प्युटरसाठी फाइलमध्ये बदलणाऱ्या डब्यात, कार्ड कॉम्प्युटरला. ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्यासाठी व्हीएचएस-डीकोड नावाचा मोफत प्रकल्प आहे, त्यात व्हीसीआरच्या हेडवरचा कच्चा सिग्नलच पकडून बाकी सगळं काम सॉफ्टवेअरमध्ये होतं, निकाल अप्रतिम आहेत पण सुरुवात तिथून करायची गरज नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक सूचना. भारतातून गेलेली कॅसेट पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची असते, तिथला साधा व्हीसीआर ती नीट वाचत नाही, मल्टिसिस्टम व्हीसीआर लागतो. आणि तेव्हा कुणी ती एनटीएससीमध्ये, म्हणजे अमेरिकन पद्धतीत, बदलून घेतली असेल तर ती कॉपी दुय्यम समजा, मूळ पाल कॅसेट अजून आहे का ते आधी शोधा.

कॅप्चर करताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचे दोन भाग) तसंच ठेवून, आणि फाइल लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेली), म्हणजे व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१. थेट एमपी४ मध्ये कॅप्चर केलंत तर पुढचं काहीच नीट होणार नाही. तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात, तीन तासांच्या कॅसेटला शंभरेक जीबी, म्हणून एक मोठी हार्ड डिस्क आधीच आणा. आणि पूर्ण कॅसेट कॅप्चर करा, नुसत्या जाहिराती नाही. जाहिरातीच्या आधी काय होतं नंतर काय होतं यावरूनच तिची तारीख लागते. मधे "व्यत्यय"ची पाटी लागली असेल तर तीही राहू द्या.

पांढरा शर्ट

कॅप्चरच्या वेळचं सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग म्हणजे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट, आणि ते समजून घ्यायला साबणाच्या जाहिरातीसारखं दुसरं काही नाही. त्या जाहिरातींचा सगळा जीवच पांढऱ्या कपड्यात. शेवटी तो शर्ट दोरीवर फडफडतो किंवा मुलगा शाळेत चालत जातो आणि कॅमेरा त्या शर्टावर थांबतो. टेपवरचा पांढरा बऱ्याचदा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलेला असतो, कॅप्चर कार्ड तो तिथेच कापतं, आणि मग तुम्हाला शर्टाच्या जागी एक सपाट पांढरा डाग मिळतो, कॉलरची घडी गेली, खिशाची शिवण गेली, बटणं गेली. हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही कारण फाइलमध्ये ते उतरलेलंच नसतं.

म्हणून कॅप्चर चालू करायच्या आधी व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम (चित्रात काळं किती, पांढरं किती ते दाखवणारा आलेख) लावा, कॅसेटमधला सगळ्यात उजळ शॉट शोधा (साबणाची जाहिरात नसेल तर क्रिकेटचे पांढरे कपडे चालतात), आणि कार्डच्या सेटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट हळूहळू खाली आणा जोपर्यंत उजवीकडचं टोक भिंतीला चिकटायचं थांबत नाही. मग सगळ्यात काळा शॉट घेऊन डावं टोक तसंच. चित्र थोडं मळकट दिसेल, दिसू दे, नंतर वर उचलता येतं. घडी दिसली पाहिजे. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करायचं, ट्रॅकिंगही (हेड टेपवरच्या रेकॉर्डिंगच्या रेघांवर नीट बसवणं) प्रत्येक कॅसेटला हाताने लावायचं.

फिल्म की व्हिडिओ

आता कॅप्चर झालं, जाहिरात कापून वेगळी केली. इथे बहुतेक जण एक घाई करतात, डोळे झाकून डीइंटरलेस, म्हणजे ते ओळींचे दोन भाग मिटवून सरळ अख्ख्या फ्रेम बनवणं. थांबा. आधी जाहिरात कशावर शूट झाली ते बघा.

त्या काळच्या मोठ्या ब्रँडच्या जाहिराती बहुतेक ३५ एमएम फिल्मवर शूट व्हायच्या, थिएटरमध्येही त्याच लागायच्या. फिल्म टीव्हीसाठी चढवताना पालमध्ये एका फिल्म फ्रेमची एक टीव्ही फ्रेम होते, दोन भागांत चिरलेली, सम ओळी एकात आणि विषम ओळी दुसऱ्यात, त्या दोन भागांना फील्ड म्हणतात. म्हणजे दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे आहेत, नुसते परत जोडले की पूर्ण ५७६ ओळींची अख्खी फ्रेम हातात. असल्या जाहिरातीला डीइंटरलेस केलंत तर सॉफ्टवेअर अर्ध्या ओळी फेकून त्या जागी अंदाजाने नव्या भरतं, म्हणजे आहे ते चांगलं टाकून दिलं.

ओळखायचं असं. एव्हीसिंथ या कोड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फील्ड वेगळे करा आणि हालचाल असलेल्या शॉटमध्ये एकेक फील्ड पुढे सरका. हात हलतोय, मग दुसऱ्या फील्डला तिथेच, मग हलतोय, मग तिथेच, असं जोडीजोडीने दिसलं तर फिल्म. प्रत्येक फील्डला थोडा थोडा हलतोय तर व्हिडिओ. कधीकधी फिल्म असूनही चित्राला कंगव्यासारखे दात दिसतात कारण जोडी एका फील्डने सरकलेली असते, त्याला टीएफएम नावाचा फिल्टर आहे तो योग्य जोड्या लावून देतो, फक्त त्याचं पोस्ट-प्रोसेसिंग (न जुळलेल्या फ्रेम अंदाजाने भरणं) आधी बंद ठेवून बघा म्हणजे कुठे खरंच जुळत नाहीये ते डोळ्याला दिसतं.

व्हिडिओवर शूट झालेल्या, म्हणजे स्थानिक दुकानांच्या, छोट्या कंपन्यांच्या, स्टुडिओत केलेल्या जाहिराती मात्र क्यूटीजीएमसी या डीइंटरलेस करणाऱ्या फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेम करा, २५ नाही. ती जी सळसळती हालचाल टीव्हीवर दिसायची ती ५० मध्येच आहे. कोड लिहायची भीती वाटत असेल तर हायब्रिड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे त्यात हे सगळं बटणावर मिळतं.

आणि खूपदा दोन्ही एकत्र असतं, ही गंमत लक्षात ठेवा. अख्खी जाहिरात फिल्मवर आणि शेवटी पुडा येतो, त्यावर फिरत फिरत अक्षरं येतात, "आता नव्या पॅकमध्ये", ते अक्षरांचं काम स्टुडिओत व्हिडिओवर नंतर केलेलं. तेवढे शेवटचे चार सेकंद वेगळे कापून वेगळी वागणूक द्यायची आणि परत जोडायचं. वेळ जातो, पण अक्षरांच्या कडा जेव्हा स्वच्छ येतात तेव्हा कळतं कशासाठी केलं.

तीन कॉप्या एकावर एक

हीच ती युक्ती आणि मला विचाराल तर या छंदातला सगळ्यात आनंदाचा भाग. दूरदर्शन एकच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवायचं, तेव्हा आपण कंटाळायचो, आता तेच आपलं भांडवल आहे. एकाच जाहिरातीची तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग मिळाली, तीन रविवारची किंवा तीन घरांतली, तर प्रत्येकात खराबी वेगळ्या ठिकाणी असणार. पहिल्यात चेहऱ्यावर पांढरी रेघ (टेपवरचं मॅग्नेटिक लेपन झडलं की अशी रेघ येते, त्याला ड्रॉपआउट म्हणतात), दुसऱ्यात तिथे साफ पण कोपऱ्यात मुंग्या, तिसऱ्यात भलतीकडेच. तिन्ही फ्रेमला फ्रेम जुळवून एकावर एक ठेवायच्या आणि प्रत्येक ठिपक्याच्या तीन किमतींपैकी मधली घ्यायची. मेडियन म्हणतात त्याला, एव्हीसिंथमध्ये त्याच नावाचं प्लगइन आहे. दोन कॉप्यांचं साधारण एकमत असतं आणि तिसरी वेगळंच काही सांगत असते, तिचं ऐकलं जात नाही, रेघ गायब. खरखरही एकदम खाली बसते.

करायचं कसं. तिन्ही आधी वर सांगितल्याप्रमाणे फिल्म-व्हिडिओ बघून फ्रेममध्ये आणा. मग एक नेमका कट शोधा, एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती फ्रेम, आणि तिन्ही तिथे जुळवा. शेवटच्या कटालाही जुळतायत का ते तपासा, नाही जुळले तर मधे कुठेतरी फ्रेम गळलीय. मग चित्राची जागा, कारण एका व्हीसीआरचं चित्र दुसऱ्यापेक्षा दोन-तीन ठिपके बाजूला असतं. मग उजेड आणि रंग एकसारखे करा. या तिन्हींत ढिलाई झाली तर मेडियन चित्र धूसर करतो. टीबीसीशिवाय कॅप्चर केलेल्या कॉप्यांत तर ओळी आपापल्या नाचत असतात, त्या जुळतच नाहीत, म्हणून तो मधला डबा इतका महत्त्वाचा.

दोनच कॉप्या असतील तर मेडियन लागत नाही, मग जिथे एकीत रेघ आहे तेवढा तुकडा दुसरीतून हाताने लावायचा. आणि एकच कॉपी तीनदा प्ले करून तीन कॅप्चर केले तर थोडा फायदा होतो, पण टेपवरच जे झडलंय ते तिन्हींत झडलेलंच राहणार. वेगळी रेकॉर्डिंग मिळवा, त्यासाठी लोकांशी बोला, अदलाबदल करा.

आता यातून एक फार सुंदर गोष्ट निघते. मेडियन केल्यावर कॅसेटची सगळी घाण जाते, पण काही काळे ठिपके, एखादी उभी ओरखड्याची रेघ, एका कटला चित्राचा हलका धक्का, हे तिन्ही कॉप्यांत अगदी त्याच फ्रेमवर असतं, म्हणून शिल्लक राहतं. म्हणजे ते कॅसेटचं नाहीच. ते फिल्मच्या प्रिंटवरची धूळ आहे, दूरदर्शनकडे जी प्रत होती तिचंच ते रूप आहे, आणि त्या दिवशी सगळ्यांनी ते तसंच पाहिलंय. मी ते काढत नाही. ज्यांना काढायचं त्यांनी वेगळी आवृत्ती करावी आणि तसं स्पष्ट लिहावं.

डीनॉइज आणि एआयबद्दल

थोडक्यात सांगतो. उरलेली खरखर टेम्पोरल डीनॉइजने (मागच्या-पुढच्या फ्रेम बघून खरखर काढणाऱ्या फिल्टरने) हलकीशी कमी करा, गालाची त्वचा मेणाची दिसायला लागली की दोन पावलं मागे या. रंग चित्राच्या उजवीकडे-खाली सरकलेले असतात, लाल साडीचा लाल साडीबाहेर सांडलेला दिसतो, कॉपीची कॉपी असेल तर जास्तच, ते सरकवून जागेवर आणा. रंग ठरवताना आजचा पुडा समोर धरू नका, कंपन्या पुडे बदलत आल्यात, त्याऐवजी कॅसेटच्या सुरुवातीला प्रक्षेपणाआधीचे रंगीत पट्टे रेकॉर्ड झाले असतील तर त्यांच्यावरून ठरवा. तळाला चित्र फाटल्यासारख्या आठ-दहा ओळी असतात त्या काळ्या पट्टीने झाका, कापून चित्र ताणू नका.

एआयने फोर-के करणं मला पटत नाही, आणि कारण साधं आहे. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींएवढा तपशील असतो, रंगाचा त्याहून कितीतरी कमी, त्यामुळे जे नाही ते एआय मनाने रचतं. मागच्या रांगेतल्या मुलांचे चेहरे भलतेच होतात. आणि देवनागरीचं तर फार वाईट होतं, जोडाक्षरं वितळतात, मात्रा गायब होतात, "त्र"चं काहीतरी चिन्हच होऊन बसतं. मराठी जाहिरात जपायची आणि तिच्यातलं मराठीच वाचता येऊ नये, असं करू नका.

आवाज

जिंगल हा जाहिरातीचा अर्धा प्राण, तरी लोक आवाजाकडे शेवटी वळतात. घरच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये आवाज टेपच्या कडेवरच्या मोनो ट्रॅकवर असतो आणि कड आधी खराब होते, म्हणून आवाज मंद-मोठा होतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ५० हर्ट्झची घूं कापा, तिच्या पटीतली १०० आणि १५० वरची पण, मग १५,६२५ हर्ट्झवर टीव्हीची बारीक शिट्टी असते ती (वय झालेल्यांना ऐकू येत नाही, घरातल्या मुलांना विचारा). त्यानंतर नॉइज रिडक्शन अगदी कमी. जास्त केलंत की गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं आणि तबल्याची, टाळीची धार जाते. चित्रासाठी तीन कॉप्या मिसळल्यात तरी आवाज एकाच चांगल्या कॉपीचा घ्या. तिन्ही आवाज एकत्र केले तर ते केसभर पुढेमागे असतात आणि पोकळ ऐकू येतात.

तारीख लावणं

सिरीयल कुठली, एपिसोड कुठला, मॅच कुठली, यावरून कधीकधी नेमका दिवस मिळतो. ते नसेल तर जाहिरातीतलंच बारकाईने बघा. खालच्या पत्त्यात बॉम्बे आहे की मुंबई, १९९५ चा बदल. आजूबाजूला झी टीव्हीचं काही असेल तर ऑक्टोबर १९९२ नंतरचं. किंमत, फोन नंबरचे आकडे, बाटली काचेची की प्लास्टिकची, सगळं टिपून ठेवा. एक सावधगिरी, आजूबाजूच्या कार्यक्रमांच्या खुणा रेकॉर्डिंगची तारीख सांगतात, जाहिरात बनली कधी ते नाही, काही जाहिराती वर्षानुवर्षं तशाच चालायच्या. म्हणून "१९८८ मध्ये प्रसारित" असं लिहा, "१९८८ ची जाहिरात" असं नको.

अपलोड करताना

कॉपीराइट संपलेला नाही, हे डोक्यात ठेवा. आपल्याकडे चित्रपटाचा, म्हणजे जाहिरातपटाचाही, हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, १९८५ साली आलेली जाहिरात २०४५ संपेपर्यंत कुणाची तरी मालमत्ता आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संग्रहासाठी काम करणं वेगळं, पण त्यावर पैसे कमावायला जाऊ नका, आणि हक्कदाराने काढा म्हटलं तर वाद न घालता काढा. फाइल तुमच्याकडे आहे, ती कुठे जात नाही. चित्र ४:३ च ठेवा, १४४० बाय १०८० करून चढवलं तर यूट्यूब कमी चुरडतं, आणि ५० फ्रेमची जाहिरात ५० मध्येच दिसायला उंची निदान ७२० ओळींची लागते.

वर्णनात लिहा की कॅसेट कुठल्या गावची, किती कॉप्यांवरून केलं, काय काढलं, काय मुद्दाम ठेवलं, शब्द कोणाचे आवाज कोणाचा हे खात्रीने माहीत असेल तरच. जिंगलचे बोल मराठीत टाइप करून टाका, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार कसं. कच्ची कॅप्चर फाइल कधीही डिलीट करू नका, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, कारण उद्या चौथी कॉपी मिळाली की सगळं परत करावंसं वाटणारच.

आणि कॅसेट दुसऱ्या कुणाची असेल तर त्यातला घरगुती भाग, लग्न, बारसं, मुंज, विचारल्याशिवाय कुठेही दाखवायचा नाही. तो नीट साफ करून पेन ड्राइव्हवर घालून त्या घरी नेऊन द्या, सोबत कॅसेटही रिवाइंड करून, उभी ठेवायला सांगून परत करा. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला की आजी-आजोबा सगळ्यांना बोलावून दाखवतात, आणि पुढचा खोका बऱ्याचदा तिथेच, शेजारच्या घरातून निघतो.